अकरा मोटारींची बारी

कल्पना करा, तुमच्या तळहातावर बिस्किटाएवढा एक हिरवा बोर्ड आहे. मधोमध काळी चिप, करंगळीच्या नखाएवढी. लॅपटॉपवर तुम्ही प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. आता तो बिल्ड करायचा, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या ओळींचे चिपला कळतील असे आकडे करून घ्यायचे. मग एका बारीक केबलने बोर्ड लॅपटॉपला जोडायचा आणि ते आकडे चिपमध्ये उतरवायचे. याला आम्ही लोड करणं म्हणतो. स्क्रीनवरची पट्टी हळूहळू भरते, बोर्डावरचा दिवा एकदा विझतो आणि मग ठरल्याप्रमाणे लुकलुकायला लागतो. चाललं!

आता केबल काढा. इथपर्यंत काही चुकलं असतं तर लॅपटॉपने लाल अक्षरांत सांगितलं असतं. यापुढे कोणी सांगणार नाही. चिपला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, ना ओरडायला तोंड. तिला फक्त वीज मिळेल, आणि वीज मिळाली की ती पहिल्या ओळीपासून कामाला लागेल. हा बोर्ड दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसवा, झाकणाचे स्क्रू आवळा आणि बाजूला व्हा. अशाच आणखी दहा पेट्यांत आणखी दहा बोर्ड बसवा. आणि मग अख्खं शिवार कान टवकारून बसलेलं असताना लाईट येण्याची वाट बघा.

मोहिनी पिंगळने गेल्या एप्रिलमध्ये हे केलं.

मोहिनी आणि मी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करतो. कंपनी मशिनांसाठी कंट्रोल पॅनल बनवते. मोहिनीचं टेबल प्रोग्रॅम लोड करण्याचं. ट्रेमधून बोर्ड उचलायचा, साच्यावर दाबायचा, बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की पुढच्या ट्रेमध्ये टाकायचा. दिवा लागला नाही तर ती बोर्डाला टिचकी मारून विचारते, "झोपला का रे?" तिच्या घरातली इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेली ती पहिली. तिचे वडील पुंजा पिंगळ, ज्यांना ती आप्पा म्हणते, द्राक्षबाग सांभाळतात. ती रोज दिंडोरीहून एसटीने येते आणि बंद पेटी दिसली की तिला राहवत नाही. कंपनीच्या कँटीनमधला पाण्याचा कूलर तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत उघडून, दुरुस्त करून, परत बंद केला होता. कँटीनवाल्याला अजून वाटतं की तो आपोआप बरा झाला.

गोष्ट मात्र त्यांच्या शिवारातल्या डीपीची आहे. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. त्या एका डीपीवर अकरा शेतकऱ्यांच्या अकरा मोटारी. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात अंथरुणातून उठून विहिरीवर बटण दाबायला कोण जाणार? उसात बिबट्या असतो. म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला. ऑटो म्हणजे एक छोटा स्विच, लाईट आली की स्वतःच बटण दाबून मोटार चालू करणारा. माणूस घरी झोपलेला, मोटार विहिरीवर जागी.

अडचण एवढीच की लाईट आली की अकराही ऑटो जागे होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट जास्त करंट ओढते. तो एका क्षणाचा हिसका अकरा जणांनी मिळून दिला की डीपी कण्हते. आणि एखाद्या दिवशी जळते. वायरमन बारकूभाऊ कायम सांगायचा, "ऑटो काढा रे." सगळे माना डोलवायचे आणि कोणी काढायचं नाही.

गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला डीपी जळाली. खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची खोल छाटणी, नुकतीच झालेली. वेलींवर नवे कोंब. याच दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, पुढच्या हंगामाचे घड ठरतात आणि याच दिवसांत वेलीला पाण्याचा ताण बसला तर वर्ष हातचं जातं. नवी डीपी येईपर्यंत लोकांनी टँकरने वेली जगवल्या. डीपी आली तेव्हा बारकूभाऊने खांबावरूनच सांगितलं, "ही जळाली तर पुढची कवा येईल ते मला इचारू नका."

त्या संध्याकाळी आप्पांच्या शेडमध्ये, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेट्सवर बसून अकराही जणांची बैठक झाली. तिथे मोहिनीने आपला बोर्ड काढून दाखवला. तिने तो महिनाभर संध्याकाळी बसून केला होता. म्हणाली, "ऑटो काढायचा नाही. ऑटोच्या जागी हे बसवायचं. लाईट आली की हे लगेच बटण दाबणार नाही. थोडं थांबेल आणि मग दाबेल. प्रत्येक पेटीतलं वेगवेगळं थांबेल, म्हणजे मोटारी एकदम उठणार नाहीत."

कारभारीकाका सगळ्यांत मोठ्या मोटारीचे मालक. त्यांची विहीर डीपीला चिकटून. त्यांनी बोर्ड दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

"पुंजा, तुझी पोर डीपीला सलाईन लावती का काय?"

"लावू द्या ना," साळूमावशी म्हणाल्या. त्यांचं रान लाईनच्या पार टोकाला, तिथे पोहोचेपर्यंत व्होल्टेज मरगळलेलं असतं. "माझी मोटार तशीबी रोज आजारी अस्ती."

"आनि कोनी किती थांबायचं ते कोन ठरवनार?" कारभारीकाकांनी विचारलं.

"कोणीच नाही, काका. बोर्ड स्वतःच ठरवेल. आतल्या आत चिठ्ठी उचलल्यासारखं. म्हणजे भांडण नाही."

ही गोष्ट सगळ्यांना आवडली. शिवारात भांडण नसणं ही मोठी सोय होती. कारभारीकाकांनी बोर्ड परत केला. "बरं. एक डाव बघू. पन ऐक, दिवसाचा आठवडा रविवारी सपतो. सोमवारपासून रातची लाईट. तवर तुझं हे चाललं तर ठीक, नायतर आमचे ऑटो परत बसतील. आनि यापायी डीपी गेली ना पोरी, तर पुन्यांदा या शिवारात कोनाच्या पेटीला हात लावायचा नाय."

मोहिनी हो म्हणाली. मग तिची एक अट होती. डीपीखालच्या पेटीत फ्यूजच्या जागी कोणीतरी कधीतरी जाड ॲल्युमिनियमची तार पिळून ठेवली होती, सारखा फ्यूज जातो म्हणून. ती काढून बारकूभाऊने योग्य जाडीची तार टाकायची.

"बारीक तार टाकली की रोज जाईल," कारभारीकाका कुरकुरले.

"जाण्यासाठीच असते ती, काका," मोहिनी म्हणाली. बारकूभाऊ इतका खूश झाला की त्याने तार त्याच संध्याकाळी बदलली.

मोहिनीने अकराही बोर्ड कंपनीच्या शिस्तीत तयार केले. प्रोग्रॅम एकच, अकरा वेळा लोड केलेला. एकेक बोर्ड तिने घरच्या टेबलावर तपासला. लॅपटॉपच्या केबलवर बोर्ड चालू ठेवायचा, एका छोट्या स्विचने त्याला खोटंच सांगायचं, 'लाईट गेली', मग सांगायचं, 'लाईट आली', आणि तो किती थांबतो ते पाहायचं. एकदा थोडाच वेळ थांबला, एकदा बराच वेळ, एकदा मधलंच काहीतरी. चिठ्ठ्या मस्त निघत होत्या. तिने मला फोन करून सांगितलं, "स्वरदा, शुक्रवारी सुट्टी टाक. बघायला ये."

शुक्रवारी सकाळी आम्ही डीपीजवळच्या बांधावर उभे होतो. अकराही पेट्यांत अकरा बोर्ड बसलेले. प्रत्येक जण आपापल्या विहिरीवर उभा, एकमेकांना हाका मारत. कारभारीकाका आमच्या शेजारीच होते. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं.

"ही कोन?"

"मैत्रीण, काका. कंपनीतली. नाशिकची."

"ही बी पेटीत जीव घालती का?"

"मी फक्त बघायला आले," मी म्हणाले.

"मंग तू शहानी."

लाईट आली. डीपीची गुणगुण सुरू झाली. एकही मोटार उठली नाही. लांबून साळूमावशींचा आवाज आला, "आली का गं लाईट?" मोहिनीने हात वर करून थांबायची खूण केली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. हेच तर हवं होतं, शिवाराचं श्वासभर थांबणं.

"काय गं, मोटारीला मुहूर्त काढून दिला का?" कारभारीकाका म्हणाले.

आणि मग सगळ्या उठल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. इतक्या एकत्र की अकरा मोटारींचा एकच आवाज झाला, जणू शिवाराने एकदम उडी मारली. डीपी एकदा हुंकारली, खालच्या पेटीत फटाक्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत. धूर निघाला, तो वाऱ्याने बागेकडे गेला.

पहिलं कोण बोललं ते सांगायला नको.

"आधी वरातीसारख्या मागंपुढं तरी उठायच्या," कारभारीकाका म्हणाले. "तू तर परेडच लावली!"

बारकूभाऊ धावत आला. त्याने पेटी उघडली, आत डोकावला आणि खांबावर हात ठेवून डीपीचा आवाज ऐकला. मग काळी पडलेली फ्यूजची तार चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली.

"ही गेली, म्हनून वरची वाचली. कारभारी, तुमची जाडी तार असती ना, तर आता टँकरला फोन लावला असता."

म्हणजे डीपी वाचली होती. मोहिनीच्या शब्दाचं मात्र तसं नव्हतं. दुपारी कारभारीकाका आप्पांच्या ओट्यावर आले आणि टॉवेलात गुंडाळलेला आपला बोर्ड तांब्याशेजारी ठेवला. "डीपी गेली नाय, म्हनून पेटीला हात लावू नको आसं नाय म्हनत. पन रविवारपातूर माझी मोटार मी हातानं चालू करीन. सोमवारी ऑटो." एवढं बोलून गेले. संध्याकाळपर्यंत बाकीचेही बोर्ड आले. कोणी पिशवीत, कोणी डब्यात, एक तर दुधाच्या किटलीत. फक्त साळूमावशी स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "माझा पन घे. नीट करूनच दे, तोवर मी बटन दाबीन."

 मोहिनी चिडली होती आणि चिडली की ती भराभर बोलते. "बटण दाबणारे रिले बरोबर आहेत. जोडणी मी स्वतः केली. टेबलावर प्रत्येक वेळी वेगळं थांबत होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. मग इथे असं का?"

"टेबलावर काय वेगळं होतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. तोच बोर्ड, तोच प्रोग्रॅम, तीच..." ती थांबली. ओट्याच्या कडेला एक एक्स्टेन्शन बोर्ड पडला होता. तिने तो उचलला, परत आलेल्यांतले तीन बोर्ड चार्जरांवर जोडले आणि तिन्हींचा प्लग एकाच बटणावर आणला. लॅपटॉप नाही, केबल नाही. बटण दाबलं. आम्ही वाट पाहिली.

टक.

बोर्डावरचा रिले बटण दाबतो तेव्हा टक असा आवाज होतो. तीन बोर्ड होते, तीन रिले होते, टक मात्र एकच झाला. तिने बटण बंद करून पुन्हा चालू केलं. तेवढाच वेळ, आणि एकच टक. तिसऱ्यांदा करायच्या आधीच ती हसायला लागली, ओट्यावर बसून, दोन्ही हात डोक्याला लावून.

"अगं, मी टेबलावर त्यांची वीज कधी घालवलीच नाही!"

तिने मला समजावलं ते असं. चिपला खरी चिठ्ठी उचलता येत नाही. ती एका हिशोबाने आकडे काढते, ते बाहेरून विस्कळीत दिसतात, पण रांग ठरलेली असते. पत्ते आधीच पिसून ठेवलेले असावेत आणि प्रत्येक खेळाडूला त्याच क्रमाने पिसलेला जोड द्यावा, तसं. टेबलावर लॅपटॉपची वीज चालूच होती, लाईट गेल्याचं फक्त नाटक होतं. म्हणून चिप पत्त्यांच्या जोडात पुढे पुढे जात होती आणि आकडा दर वेळी नवा वाटत होता. शिवारात लाईट जाते म्हणजे चिपचीही वीज जाते. लाईट आली की ती पहिल्या ओळीपासून सुरू होते आणि पहिलाच पत्ता उचलते. अकरा चिप, एकच प्रोग्रॅम, एकच पहिला पत्ता. जुन्या ऑटोंमध्ये निदान गंजामुळे आणि जुनाटपणामुळे थोडं मागेपुढे व्हायचं. मोहिनीने ते मागेपुढेसुद्धा पुसून टाकलं होतं.

"कंपनीत मला कशाची शाबासकी मिळते माहितीये?" ती म्हणाली. "ट्रेमधला कुठलाही बोर्ड उचला, दुसऱ्यासारखाच निघतो. मी इथे तेच केलं, अगदी मन लावून."

दोष सापडला, पण इलाज ठरायचा होता. प्रत्येक चिपच्या पोटात कारखान्यातूनच कोरलेला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. त्यावरून पत्ते पिसले तर प्रत्येकीचा जोड वेगळा होईल. ते सोपं होतं. पण चिठ्ठी ती चिठ्ठी, त्यात दोघा-चौघांचे आकडे कधीतरी सारखे निघणारच, आणि कारभारीकाकांना 'कधीतरी' हा शब्द ऐकवायची तिची तयारी नव्हती.

आप्पा दाराशी उभे राहून ऐकत होते. "जुन्या सामाईक विहिरीवर सहा घरं होती," ते म्हणाले. "इंजिन एकच. पन कवा दोघांनी एकदम पाट फोडला नाय."

"चिठ्ठी टाकायचात?"

"चिठ्ठी कशाला? बारी होती. पह्यले टोकाचं रान, शेवटी विहिरीजवळचं. टोकाला पानी पोचायला वेळ लागतो ना, म्हनून त्याची बारी आधी."

मोहिनी ओट्यावरून ताडकन उठली. मग म्हणाली, "आप्पा, व्होल्टेजचंही तसंच असतं."

आणि खरंच असतं. डीपीवर अजून कोणी ओझं टाकलेलं नसतं तेव्हा टोकापर्यंत चांगलं व्होल्टेज पोहोचतं. तेव्हाच टोकाची मोटार उठवावी. जवळच्या मोटारीला काय, ती कधीही उठते. म्हणजे बारी फक्त भांडण मिटवत नव्हती, विजेच्या हिशोबातही चोख बसत होती.

शनिवारी आम्ही दोघी मोहिनीच्या घरात लॅपटॉप मांडून बसलो. प्रोग्रॅम एकच ठेवायचा हे तिने सोडलं नाही, कारण अकरा वेगळे प्रोग्रॅम म्हणजे अकरा वेगळ्या चुका. चिपमध्ये एक कोपरा असतो, वीज गेली तरी तिथे लिहिलेलं पुसलं जात नाही. त्या कोपऱ्यात प्रत्येकीचा बारीचा नंबर लिहायचा. लाईट आली की चिप आपला नंबर वाचेल आणि नंबराच्या हिशोबाने थांबेल. पहिली लगेच उठेल, दुसरी तिच्या मागून अर्ध्या मिनिटाने, तिसरी आणखी अर्ध्या मिनिटाने. बिल्ड, लोड, नंबर. बिल्ड एकदाच, लोड आणि नंबर अकरा वेळा. मी बोर्डांच्या पाठीवर मार्करने नावं लिहिली. या वेळी तपासणी लॅपटॉपवर नाही. अकराही बोर्ड दोन एक्स्टेन्शनवर जोडून एकच बटण. टक. मग शांतता. टक. मग शांतता. आप्पा बोटांवर मोजत होते. शेवटच्या टकला ते उठून उभे राहिले.

"कारभारीचा शेवटी?" त्यांनी विचारलं.

"त्यांची विहीर डीपीला चिकटून आहे ना."

"तू सांग त्याला. मी नाय सांगनार."

तिने सांगितलं नाही. निदान आधी नाही. शनिवारी संध्याकाळी ती घरोघर गेली आणि फक्त एवढंच म्हणाली की उद्या एकदा, शेवटचं. साळूमावशींनी सगळ्यांत आधी पेटी उघडून दिली. त्यांचं पाहून बाकीच्यांनी दिली. कारभारीकाकांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "बसव. पन मी बटनाजवळ हुभा ऱ्हानार."

रविवारी सकाळी पुन्हा तोच बांध. बारकूभाऊ हातात जादा फ्यूजची तार घेऊन तयार. या वेळी मोहिनी हसत नव्हती. ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळून इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

लाईट आली.

पार टोकाला, साळूमावशींच्या विहिरीवर, एक मोटार उठली. एकटी. तिचा आवाज भरला, स्थिर झाला, आणि मावशींची आरोळी आली, "अगं बया, काय धडाक्यानं उठली!" मग अलीकडच्या रानातली. तिचा आवाज पहिलीच्या आवाजात मिसळला. मग तिसरी. आवाज टोकाकडून आमच्या दिशेने चालत येत होता, एकेका विहिरीवर थांबत, एकेकीला उठवत. डीपीची गुणगुण दर वेळी एक पायरी वर चढायची आणि तिथेच टेकायची. बारकूभाऊने फ्यूजच्या पेटीवर हात ठेवला होता. पाचवी उठली. सातवी. नवव्या वेळी आप्पांची. लोक आता आपापल्या विहिरी सोडून बांधावरून चालत येऊ लागले, आवाजाच्या मागे मागे.

दहावी उठली. आता सगळ्यांच्या नजरा कारभारीकाकांकडे.

त्यांची पेटी गप्प होती. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मोहिनीकडे पाहिलं, पुन्हा पेटीकडे पाहिलं. बोट हिरव्या बटणाकडे गेलं.

"काका, थांबा!" मोहिनी ओरडली. "तुमची बारी शेवटची हाय!"

घाईत तिच्या तोंडून गावाकडची भाषा आली. कंपनीत ती कधी 'हाय' म्हणत नाही.

"शेवटची? माझी?"

पेटीत टक झालं आणि शिवारातली सगळ्यांत मोठी मोटार त्यांच्या बोटाखाली उठली. पाईपाच्या तोंडाशी आधी हवा फुसफुसली, मग पाणी आलं, जाड, पांढरं, हौदात धडकणारं. कारभारीकाका दचकून मागे सरले, ते थेट आप्पांच्या अंगावर. डीपीने एकदा सूर वर नेला आणि संथपणे गुणगुणत राहिली. बारकूभाऊने पेटीवरचा हात काढला आणि जादा तार खिशात घातली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण अकरा मोटारींच्या आवाजात सगळेच एकदम बोलायला लागले. साळूमावशी धापा टाकत पोहोचल्या आणि मोहिनीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कारभारीकाका हौदाजवळ उभे राहून पाण्याकडे पाहत होते. मग ते वळले आणि मोठ्याने म्हणाले, "पुंजा, तुझी पोर परेडही लावती आनि वरातही लावती!"

सोमवारपासून रात्रीची लाईट सुरू झाली. त्या आठवड्यात त्या शिवारात कोणीही अंथरुणातून उठलं नाही. सकाळी लोक बागेत जायचे तेव्हा ओळींखालची माती ओली असायची, टोकाच्या रानातसुद्धा. डीपी या वर्षी पुन्हा जळाली नाही. कोंब वाढले, काडी पिकली, आणि फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर घड निघाले तेव्हा आप्पांनी मला फोटो पाठवला, सोबत काहीही न लिहिता. शेजारच्या दोन डीपींवरचे शेतकरी मोहिनीकडे येऊन गेले. त्यांच्या शिवारात कोणाचं रान टोकाला आहे हे ती आधी विचारते, चहा नंतर घेते. कंपनीत साहेबांना तिने सगळी गोष्ट सांगितली तेव्हापासून आमच्याकडे नवीन बोर्ड तपासताना त्याची वीज खरोखर घालवून पाहतात, आणि एक नाही तर बरेच बोर्ड एका बटणावर.

पण मोहिनीच्या टेबलावर अजून एक बोर्ड उघडा पडलेला असतो. त्याचं कारण अर्थातच कारभारीकाका. पावसाळ्याआधीच त्यांनी तिला गाठून विचारलं होतं, "जुन्या विहिरीवर जवळच्या रानांची बारी दर आठवड्याला आपसांत फिरायची. ह्या आठवड्याला शेवटी तो पुढल्या आठवड्याला त्यांच्यात पह्यला. मीच वर्षभर शेवटी का म्हनून?"

"काका, तुमच्या मोटारीला शेवटी काय त्रास होतो?"

"त्रास काय नाय गं. पन शेवटी म्हंजी शेवटी."

तिला हे पटलं. निदान जवळच्या पाच-सहा जणांची बारी आपसांत फिरवायला व्होल्टेजची काही हरकत नव्हती. तिने प्रोग्रॅम बदलला. प्रत्येक वेळी लाईट आली की चिपने त्या पुसल्या न जाणाऱ्या कोपऱ्यात मोजणी एकाने वाढवायची आणि बारी एक घर पुढे सरकवायची. ओट्यावर सुंदर चाललं. मग आप्पा लग्नाला घोटीला गेले आणि विहिरीवरचा मेन स्विच बंद करून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चिपची मोजणी मागे पडलेली आणि ती शेजाऱ्याच्याच बारीत उठायला लागली. दोन मोटारी एकदम उठल्या तर डीपीला काही होत नाही, पण मोहिनीला होतं. आता सगळ्या चिपांची मोजणी जुळवून ठेवायची कशी? सिमकार्ड टाकायचं नाही, रिचार्ज कोण भरणार. घड्याळाची चिप टाकायची तर तिचा सेल कोण बदलणार. बोर्डांमध्ये तार ओढायची तर ट्रॅक्टरने ती पहिल्याच दिवशी तुटणार.

परवा जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारला, तो बोर्ड उचलला आणि नेहमीसारखी टिचकी मारली. या वेळी 'झोपला का' असं विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "स्वरदा, त्या सगळ्या मोटारी एकाच लाईनवर आहेत. एक उठली की बाकीच्यांचं व्होल्टेज जरासं खाली बसतं, प्रत्येक चिपला ते दिसतं. मग नुसत्या त्या हिसक्यावरून एकीला दुसरीची बारी ओळखता येईल का गं?"